वाघूरचे दोन हजार तीनशे

माझे मामा, सुकदेव मोतीलाल महाजन, धुळ्याला एका सरकारी कचेरीत अनुरेखक होते. इंजिनिअरने पेन्सिलीने काढलेला धरणाचा किंवा पाटाचा नकाशा ट्रेसिंगच्या कापडावर शाईने जसाच्या तसा उतरवायचा, हे त्यांचं काम. तेहतीस वर्षं त्यांनी तेच केलं. बढती एकदाच मिळाली, तीही निवृत्तीला दोन वर्षं उरली तेव्हा. तोवर नकाशे कॉम्प्युटरवर निघायला लागले होते आणि मामांच्या टेबलावर दुसऱ्यांच्या फायली ठेवायची पद्धत पडली होती.

त्यांचं खरं आयुष्य मात्र दुसरीकडेच चाललेलं होतं. नोकरीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षापासून ते ताऱ्यांचा एक प्रदेश रचत होते. तो प्रदेश आकाशात कुठेच नव्हता, मामांनीच तो मनाने उभा केलेला. कचेरीतल्या कापडाचे कातरलेले तुकडे ते घरी आणायचे आणि त्यांवर एकेक तारा, त्याच्याभोवतीचे ग्रह, ग्रहावरच्या वस्त्या काढायचे. पृथ्वी सोडून शेकडो वर्षं झालेली माणसं तिथे जाऊन राहिली होती. या सगळ्या प्रदेशाला त्यांनी नाव दिलं होतं ‘उजवा काठ’. ताऱ्यांना नावं तापीला मिळणाऱ्या नद्यांची. बोरी, अनेर, बुराई, पांझरा, सुकी, वाघूर. नद्या संपल्यावर ओढे-नाले. असे एक्केचाळीस तारे होते, आणि एकूण एक वसाहतीचा कारभार सतरा रजिस्टरांत लिहिलेला होता. तिथे काय पिकतं, गरोदर बाईला कोणती कामं माफ असतात, मेलेल्याला कुठे ठेवतात, सगळं.

हे वेड म्हणून घरात कोणी हसायचं नाही, कारण कोणी वाचायचंच नाही. मामी, बेबाबाई, रजिस्टरांवरची धूळ झटकायची आणि पुन्हा रचून ठेवायची. मुलगी भाविका लग्न होऊन अमळनेरला गेली. तिला लहानपणी ताऱ्यांची नावं पाठ होती म्हणतात, पण पुढे तिने कधी विषय काढला नाही.

उजव्या काठाचा एक नियम होता, तो मामांनी पांझरेवरून उचलला होता. आमच्याकडे पांझरेच्या जुन्या बंधाऱ्यांवर फडाची पद्धत आहे. शिवाराचे फड पाडायचे आणि प्रत्येक फडाला पाळीने पाणी द्यायचं. पाळी मोडायची नाही, मग समोरचा पाटील असो की भिकारी. उजव्या काठाकडे सहाच मोठी यानं होती आणि तीही अशीच पाळीने एकेका ताऱ्याकडे जायची. सर्वांत टोकाला होता वाघूर. त्याचा प्रकाश मंदावत चालला होता. तिथे चार हजार शंभर माणसं राहत होती आणि त्यांची पाळी सर्वांत शेवटी होती. नियम मामांचाच, पण एकदा केल्यावर तो त्यांनाही मोडता येईना. दहा-बारा वर्षं त्यांनी वाघूरला थंडीत ताटकळत ठेवलं. शेवटी पाळी आली आणि यानं निघाली, त्याच सुमाराला मामांचे डोळे गेले.

काचबिंदू होता. तो कळला तेव्हा उशीर झालेला. डॉक्टरांनी सांगितलं की गेलेली नजर परत येत नाही, उरलेली थेंबांनी टिकली तर टिकेल. ती टिकली नाही. आधी कडा गेल्या. मामा म्हणायचे, नळीतून बघितल्यासारखं दिसतं. मग नळीही बारीक होत गेली. त्यांनी अक्षर मोठं केलं, मग आणखी मोठं, पुढे पुढे एका पानावर जेमतेम चार ओळी मावायच्या. शेवटच्या काही पानांवर तर एका ओळीवर दुसरी ओळ चढलेली आहे, ती कोणालाच वाचता येत नाही. दोन हजार बावीसच्या उन्हाळ्यात त्यांनी लेखणी ठेवली. मामी सांगत होती की त्या दिवसापासून ते घरात फिरताना भिंतीला हात लावायचे आणि मध्येच थांबून, कोणी समोर असो वा नसो, म्हणायचे, आता त्यांना कोण आणणार?

त्या जूनमध्ये मी सावद्याहून धुळ्याला आले. बाबा केळीच्या वखारीत हिशेबनीस, मी बीएस्सी झालेली, आणि स्पर्धा परीक्षेचा क्लास धुळ्यात बरा म्हणून तिथल्याच देवपूर भागात मामांकडे राहायचं ठरलं. पहिल्याच आठवड्यात मामांनी मला जवळ बसवलं. त्यांच्या आवाजात इतका संकोच होता की मला वाटलं, काही आजारपणाचं सांगणार.

“रोज एक तास मला देशील का, नूतन? मी सांगीन, तू लिहायचं. बाकी काही करू नको घरातलं.”

मी लगेच हो म्हटलं. वय चोवीस, अंगात उत्साह, आणि मामांची गोष्ट ऐकायची उत्सुकताही खरी होती. पहिले नऊ-दहा महिने मी मन लावून लिहिलं. दुपारी जेवणं झाली की मामा ओसरीतल्या खुर्चीत बसायचे, मी खाली चटईवर. ते सकाळभर मनात जुळवून ठेवायचे आणि दुपारी सांगून मोकळे व्हायचे. सांगून झालं की चेहरा हलका व्हायचा. एकदा म्हणाले, लिहून झालेलं मी डोक्यात ठेवत नाही, नाहीतर पुढचं यायला जागा राहत नाही.

वाघूरची तीन यानं मी लिहिली. प्रत्येकात सहाशे माणसं. उरले दोन हजार तीनशे.

इथे मामांनी ठरवलं की आता घाई करायची नाही. उरलेल्या एकूण एक माणसाचं नाव घ्यायचं, तो कोण, बरोबर काय नेतो, काय मागे ठेवतो, ते एका ओळीत सांगायचं आणि मगच त्याला यानात चढवायचं. रोज पन्नास-पंचावन्न नावं. मी पहिल्या दिवशी लिहिलं, दुसऱ्या दिवशी लिहिलं. एप्रिल संपत आला होता, पत्रे तापून घरात बसवत नव्हतं, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात माझी पूर्वपरीक्षा होती. क्लासमधल्या मुली दिवसाला बारा तास वाचत होत्या. इकडे मी लिहीत होते, दगा गोबा, सुतार, रंधा नेतो, अडणी ठेवतो. झिपरीबाई, विधवा, काही नेत नाही.

तिसऱ्या दिवशी मी मांडीवर भूगोलाचं पुस्तक उघडलं. मामांना दिसत नव्हतंच. ते नाव सांगायचे, मी कागदावर पेनाने रेघ ओढायची. पेनाचा आवाज त्यांना लागायचा. आवाज थांबला की ते थांबायचे, म्हणून मी वाचता वाचता रेघा ओढत राहायचे. एक नाव, एक रेघ. पान भरलं की उलटायचं. दिवस संपला की ते विचारायचे, सगळं लिहिलं ना? आणि मी म्हणायचे, हो मामा.

त्रेचाळीस दिवस मी हे केलं. पहिल्या दिवशी वाईट वाटलं होतं. नंतर नाही वाटलं, हे मी कबूल करते. मी स्वतःची समजूत घातली होती की नावंच तर आहेत, परीक्षा झाली की मी माझ्या मनाने दोन हजार नावं लिहून काढीन, त्यांना काय कळणार.

एक जूनला मामांनी शेवटचं नाव सांगितलं. ते काय होतं ते मला माहीत नाही, मी तेव्हा मोसमी वाऱ्यांचं प्रकरण वाचत होते. एवढं आठवतं की नाव सांगून झाल्यावर त्यांनी मामीला चहा ठेवायला सांगितला. म्हणाले, झालं, सगळे निघाले, मागे कोणी नाही. मामीने मला नंतर हळूच सांगितलं की इतक्या वर्षांत हा माणूस इतका शांत झोपलेला तिने पाहिला नव्हता.

मी परीक्षा दिली आणि चार दिवस सावद्याला आईकडे गेले.

त्या चार दिवसांत मामांनी माझ्या हातची सुटी पानं बांधायला खाजाभाईंकडे पाठवली. खाजाभाई बाइंडर, आग्रा रोडच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुकान. मामांची सतराही रजिस्टरं त्यांनीच शिवली होती, कापडी पाठ आणि आत निळा कागद लावून. अठरावं बांधायला घेतलं तेव्हा त्यांनी पानांचा क्रम लावायला म्हणून पानं उघडली. मग काम तसंच ठेवून, पानं पिशवीत घालून ते स्वतः चालत देवपूरला आले. मामांना म्हणाले, “नाना, आठे ते काहीच लिखेल नही शे. नुसत्या रेघा शेतस.” इथे तर काहीच लिहिलेलं नाही, नुसत्या रेघा आहेत.

मी पाचव्या दिवशी परतले. दारात मामी उभी होती, तिने माझ्या हातातली बॅग घेतली नाही. आत मामा खुर्चीत बसलेले होते आणि पानं त्यांच्या मांडीवर होती. ते बोटांनी कागद चाचपत होते. पेन जोरात ओढलं की कागदाला मागून वळ उठतो, तो त्यांच्या बोटांना लागत असावा.

त्यांनी आवाज चढवला नाही. एवढंच विचारलं, “कुठपासून?”

मी म्हटलं, “तिसऱ्या दिवसापासून.”

“म्हणजे शंभरएक माणसं लिहिलीस.”

“हो.”

मी रडायला लागले, ते त्यांनी ऐकलं असणार. मग ते म्हणाले, “त्या बठ्ठा आजून तठेच उभा शेतस, नूतन.” ती सगळी माणसं अजून तिथेच उभी आहेत. कचेरीत आयुष्य गेलेले मामा माझ्याशी नेहमी शुद्ध बोलायचे. माझ्याशी अहिराणीत बोलले ते त्याच दिवशी, आणि ते मला बोलत नव्हते असंही मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी हातापाया पडून त्यांना पुन्हा सांगायला बसवलं. क्लासला गेले नाही. म्हटलं, मामा, आता एक शब्द सुटणार नाही, तुम्ही सांगा. त्यांनी सुरुवात केली. दहा नावं झाली, अकराव्याला अडले. म्हणाले, इथे हा नव्हता. मागे गेले, पुन्हा आले, पुन्हा अडले. एक बाई दोनदा यानात चढली. एका म्हाताऱ्याचं नाव आठवलं, पण तो काय मागे ठेवून निघाला ते आठवेना, आणि ते कळल्याशिवाय मामा त्याला चढू देईनात. मी सुचवलं की काहीतरी लिहू या, कंदील लिहू. त्यावर ते माझ्याकडे वळले, न दिसणाऱ्या डोळ्यांनी, आणि मी मान खाली घातली.

मला जे आठवत होतं ते मी त्यांना सांगितलं. भूगोल वाचताना कानावर पडलेलं इतकंच होतं: कोणीतरी घराचं दार काढून बरोबर घेतलं होतं, दोन भावांनी शेवटपर्यंत एकमेकांशी बोलायचं नाही असं ठरवलं होतं, आणि एका बाईने विहिरीत रहाटाची दोरी तशीच सोडली होती. नाव एकाचंही नाही. दोन हजारांतली चार माणसं, तीही बिननावाची.

नऊ दिवस हे चाललं. नवव्या दिवशी मामांनी हात वर केला आणि मी पेन ठेवलं.

मला तोवर माहीत नव्हतं ते मामीने त्या संध्याकाळी भाकरी थापताना सांगितलं. लग्नानंतर पाचेक वर्षांनी मामांना एका धरणाच्या कामावर नेलं होतं. बुडीत क्षेत्राची रेषा नकाशावर त्यांच्या हातची होती. कापडावर उतरवलेली निळी रेषा, तिच्या आत एक अख्खं गाव. काम चालू असताना ते दीड महिना त्या गावात राहिले, लोकांच्या ओट्यावर जेवले. लोक येऊन विचारायचे, आमचं घर रेषेच्या आत का बाहेर? मामांना उत्तर ठाऊक असायचं, पण सांगायची परवानगी नव्हती. पुढे गाव उठलं, लोक कुठे कुठे पांगले. मामांनी दोन-तीनदा चौकशी केली, नीट पत्ता लागला नाही.

“ती नावं त्या गावाची होती,” मामी म्हणाली. “सुतार, झिपरीबाई, सगळे. तीस वर्षं जपली होती यांनी. लिहून ठेवली नव्हती कधी. म्हणायचे, उतरवीन तेव्हा एकदाच उतरवीन.”

मी तिला विचारलं की हे मला आधी का नाही सांगितलं. ती म्हणाली, तू लिहीत होतीस ना.

दोन दिवसांनी सकाळी मामा घरात नव्हते. काठी होती, चपला नव्हत्या. मामी गल्लीत घरोघर विचारत सुटली, मी रिक्षा करून बसस्टँडवर गेले, तिथून खाजाभाईंकडे. खाजाभाईंनी दुकानाचं शटर ओढलं आणि मोटरसायकल काढली. म्हणाले, नदीकडे बघू. मी मागे बसले आणि रस्ताभर मनात जे येत होतं ते येऊ नये म्हणून दात आवळून धरले होते. शहरातल्या पुलाखाली बघितलं, मग काठाकाठाने वर गेलो. दहा वाजून गेले होते, ऊन चढलं होतं. आठ-नऊ किलोमीटरवर एक जुना बंधारा आहे, तिथे पाटाचं पाणी सोडणारे पाटकरी भटूनाना मामांच्या ओळखीचे. त्यांच्या झोपडीपाशी मामा बसलेले होते. कोणा दूधवाल्याने त्यांना पहाटे गाडीवर आणून सोडलं होतं. पाय धुळीने भरलेले, ओठ सुकलेले. बंधाऱ्यात पाणी नव्हतं. भटूनाना आम्हाला बाजूला घेऊन म्हणाले की आल्यापासून एकच विचारताहेत, शेवटच्या फडाची पाळी आली आणि नदी आटली तर पाटकरी काय करतो?

“मग तुम्ही काय सांगितलं?” खाजाभाईंनी विचारलं.

“खरं सांगितलं. पाटकरी त्या फडावर जातो आणि लोकांना सांगतो की पाणी येणार नाही. तोंड लपवत नाही.”

आम्ही मामांना घरी आणलं. त्यांना ताप भरला, तो पाच दिवस होता. ताप उतरल्यावर त्यांनी मला हाक मारली आणि अठरावं रजिस्टर आणायला सांगितलं. खाजाभाईंनी ते बांधून दिलं होतं. माझी शंभर नावं होती आणि त्यांच्या पुढे, मामांनीच सांगितल्यावरून, रेघांची सगळी पानंही तशीच शिवलेली होती. शेवटी कोरी पानं होती. मामा म्हणाले, “लिही. आणि मला वाचून दाखव.”

मी लिहिलं. ते असं आहे: ‘वाघूरच्या दोन हजार तीनशेपैकी शंभर माणसांची नोंद आहे. बाकीच्यांची नोंद घेणाऱ्याने घेतली नाही. ते निघाले की नाही, हे उजव्या काठावर कोणालाही ठाऊक नाही. पुढचं यान वाघूरला पाठवलं जाणार नाही, कारण तिथे कोणाला आणायचं ते सांगता येत नाही.’

वाचून दाखवताना माझा आवाज दोनदा अडला. दोन्ही वेळा त्यांनी ते वाक्य पहिल्यापासून वाचायला लावलं. मग खाली सही करायला सांगितली. “तुझी,” म्हणाले. “नोंद घेणाऱ्याची असते.” मी सही केली, नाव आणि तारीख घातली. त्यांनी रजिस्टर मागून घेतलं, पानावरून हात फिरवला आणि मिटलं. मी माफी मागायला तोंड उघडलं तेव्हा ते म्हणाले, मागू नको, मी द्यायला कोण? ज्यांच्याकडे मागायला हवी त्यांची नावं नाहीत आपल्याकडे.

परीक्षेत मी पहिल्याच फेरीत गळले. ऑगस्टमध्ये क्लास सोडून सावद्याला परत आले. आता बाबांच्याच वखारीत ट्रकांच्या पावत्या करते. केळीचा हंगाम असला की दिवसभर डोकं वर निघत नाही आणि तेच मला बरं वाटतं. दोनदा त्या बुडालेल्या गावच्या लोकांचा माग काढायचा प्रयत्न केला. मामीकडून धरणाचं नाव घेतलं, सुटीच्या दिवशी एसटीने पुनर्वसनाच्या वसाहतीत गेले. तिथे तेरा घरं सापडली. एका म्हाताऱ्याला झिपरीबाई नावाची बाई आठवत होती, पण ती विधवा होती की दुसरीच कोणी, हे त्याला सांगता आलं नाही. बाकीचे सुरतेकडे गेले, नाशिकला गेले, काही वारले. मी वहीत तेरा कुटुंबांची नावं लिहून आणली आणि मामांना फोनवर वाचून दाखवली. त्यांनी सगळी ऐकून घेतली आणि म्हणाले, “ही चांगली माणसं आहेत. पण ही वाघूरची नाहीत.”

गेल्या वर्षी मामा-मामी देवपूरचं घर बंद करून अमळनेरला भाविकाताईकडे राहायला गेले. मामांना आता उजेड आणि अंधार इतकंच कळतं. त्या सहीनंतर त्यांनी उजव्या काठाचं एक अक्षर सांगितलेलं नाही. उरलेल्या चाळीस ताऱ्यांवर काय चाललंय, पाळी कोणाची आहे, कोणी जन्मलं का, काहीच नाही. मी दीड-दोन महिन्यांनी जाते. ते माझी चौकशी करतात, केळीचा भाव विचारतात, आईची गुडघेदुखी विचारतात, मी आणलेले वेफर्स खातात. मी पिशवीत कोरी वही नेते. निघायच्या आधी एकदा विचारते, मामा, काही लिहायचंय का? ते नाही म्हणतात. रागाने नाही, एखाद्याने जेवायला आग्रह केला आणि पोट भरलेलं असलं की म्हणतात तसं.

मागच्या खेपेला भाविकाताई मला सोडायला बसस्टँडवर आली होती. म्हणाली, तू विचारायचं थांबव ग, तू गेल्यावर ते दोन दिवस नीट जेवत नाहीत. विचारलं नाही तर त्यांना वाटेल मी विसरले, आणि विचारलं तर हे असं होतं. तेवढ्यात जळगावची गाडी लागली आणि मी चढले.